पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही



गळीत हंगाम जवळ आला की आमच्या शेतकी विभागात येणाऱ्या चौकशा ठरलेल्या असतात. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, बेणे, वाहतुकीचे करार. अलीकडे त्यांत आणखी एका चौकशीची भर पडली आहे. "साहेब, पिकअपचे पाटे बसलेत. बाजारातले जाड पाटे टाकू का? एका बाजूला दोन-दोन जादा टाकले तर चालतील ना?" गॅरेजवाला म्हणतो चालतील, शेजारी म्हणतो मी टाकलेत, काही झालं नाही. मग सभासद पाटे टाकून मोकळा होतो.

हा विषय गॅरेजचा, शेतकी विभागाचा त्यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा की आपल्या भागात पिकअप, जीप किंवा लहान ट्रक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, ते शेतीचे अवजार झाले आहे. सकाळी बेणे, दुपारी खताच्या गोण्या, संध्याकाळी तोडणी टोळीचा संसार आणि मुलेबाळे, असे तिचे काम दिवसभर चालते. पाणंद रस्ता, चारीचा उंचवटा, उसाच्या ट्रॉल्यांनी खोल पाडलेल्या चाकोऱ्या, आणि वर ड्रायव्हरला घाई. गाडी अशी राबवायची असेल तर ती ज्यावर उभी आहे ते पाटे आपल्याला समजले पाहिजेत. नांगराचा फाळ कोणता घ्यावा हे आपण पारखून ठरवतो, मग पाट्याच्या बाबतीतच दुकानदारावर का विसंबून राहावे?

या लेखात आम्ही एकच गोष्ट पटवून देणार आहोत. उंची, कडकपणा आणि ताकद या गाडीच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पाटे वाढवल्याने पहिल्या दोन वाढतात. तिसरी वाढत नाही. या तिन्हींची गल्लत झाली की पैसा जातो, आणि कधी कधी माणूसही जातो.

१. पाट्याचे काम काय?

चाक खड्ड्यात जाते, दगडावर चढते. ते वर-खाली होत असताना गाडीचा सांगाडा शक्यतो एका पातळीत राहावा आणि चाक रस्त्याला चिकटून राहावे, ही दोन कामे पाट्याची. पहिले काम सर्वांना कळते, कारण ते पाठीला जाणवते. दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे आणि तेच विसरले जाते. ब्रेक लागतो तो चाक जमिनीला टेकलेले असेल तरच. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी वळते तीही त्यामुळेच. हवेत असलेल्या चाकाचा ब्रेक कितीही चांगला असला तरी तो कोणाला थांबवणार?

पाट्यांच्या जुडग्यात सर्वांत वरचा, दोन्ही टोकांना गोल डोळे असलेला पाटा हा मुख्य पाटा. त्याखाली लांबीने कमी होत जाणारे पाटे असतात. हे सर्व मधल्या बोल्टने एकत्र धरलेले असतात आणि दोन यू-बोल्टांनी एक्सलवर आवळलेले असतात. पुढचा डोळा चेसिसला पक्का असतो. मागचा डोळा शॅकलला असतो, कारण दाब आल्यावर पाटा सरळ होतो, लांबतो, आणि त्या लांबण्याला जागा लागते. काही गाड्यांना जुडग्यावर आणखी एक-दोन मदतनीस पाटे असतात. ते रिकाम्या गाडीत नुसतेच बसून असतात, वजन पडल्यावरच टेकतात आणि कामाला लागतात. ही व्यवस्था फार उपयोगाची आहे, तिच्याबद्दल पुढे सांगू.

२. उंची वेगळी, कडकपणा वेगळा

गाडी मागे खाली बसली की आपण म्हणतो, पाटे नरम झाले. बहुतेक वेळा हे खरे नसते. जुना पाटा बसतो म्हणजे त्याची कमान जाते, तो सरळ होतो, म्हणून गाडीची उंची कमी होते. परंतु पोलादाचा कडकपणा वयाने कमी होत नाही. पूर्वी दर पोत्याला गाडी जेवढी खाली जात होती, तेवढीच आताही जाते. फक्त सुरुवातच खालून होते, म्हणून शेवटी रबरी ठोकळ्यावर आदळते. जुडग्यातील एखादा पाटा तुटला असेल तर मात्र कडकपणा खरोखरच कमी होतो. म्हणून आधी जुडगे धुऊन, गंज खरवडून, एकेक पाटा नीट पाहावा. मोड बहुधा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ किंवा डोळ्याच्या वळणाजवळ असते.

मग बसलेल्या पाट्यावर उपाय काय? ज्या मापाचे होते त्याच मापाचे नवीन जुडगे, दोन्ही बाजूंना. एवढ्याने निम्म्याहून अधिक सभासदांचे काम भागेल असे आमचे मत आहे. बसलेल्या पाट्यावर जादा पाटा टाकणे म्हणजे ताप आलेल्या बैलाला जास्त कडबा घालण्यासारखे आहे. दुखणे एक आणि इलाज दुसराच.

३. आपल्या गाडीचा कडकपणा आपण मोजावा

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सपाट जागा, एक टेप आणि ५० किलोची २० पोती पुरेत. (युरियाच्या गोण्या घ्याल तर हिशेब चुकेल, कारण २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची आहे. डीएपीची ५० किलोची चालेल.)

गाडी रिकामी असताना मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. एक्सल आणि चेसिसखालचा रबरी ठोकळा यांच्यामधील मोकळी जागाही मोजा. नंतर २० पोती मागच्या एक्सलच्या बरोबर वर येतील अशी रचा. गाडी थोडी पुढे-मागे करून पुन्हा मोजा.

समजा, गाडी ८० मिलिमीटर खाली गेली. वजन १,००० किलो, पाट्यांची जुडगी दोन, म्हणजे एका जुडग्यावर ५०० किलो. ५०० भागिले ८०, म्हणजे दर मिलिमीटरला सव्वासहा किलो. हा झाला आपल्या पाट्याचा कडकपणा. तो वहीत लिहून ठेवा. पुढे दुकानदार काहीही सांगो, आपल्याजवळ आपला आकडा असेल.

आता याच गाडीवर मंजूर माल १,४०० किलो धरा, सगळा मागच्या एक्सलवर. एका जुडग्यावर ७००. गाडी ११२ मिलिमीटर खाली जाणार. रिकाम्या गाडीत ठोकळ्यापर्यंत १५० मिलिमीटर जागा असेल, तर भरलेल्या गाडीत ३८ मिलिमीटर उरते. खराब रस्त्याला हे कमी पडते, गाडी आदळते. म्हणजे कडकपणा थोडा वाढवावा असे वाटणे गैर नाही. प्रश्न एवढाच की किती?

४. दोन मिलिमीटर जाडीने काय होते?

येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा, जुडग्यात ८ मिलिमीटर जाडीचे ५ पाटे आहेत. त्याच जाडीचा आणि पुरेशा लांबीचा सहावा पाटा टाकला, तर कडकपणा सुमारे २० टक्के वाढतो. पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढ होते, हिशेब सरळ आहे.

जाडीचा हिशेब मात्र सरळ नाही. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी तीनदा गुणून. ८ ऐवजी १० मिलिमीटरचे पाटे टाकले, तर सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे १.९५. जवळजवळ दुप्पट! डोळ्यांना दोन मिलिमीटरचा फरक दिसत नाही, पण गाडी दुप्पट कडक होते. लांबीचेही तसेच आहे, उलट दिशेने. पाटा आखूड झाला की कडकपणा घनाने वाढतो. म्हणून "जवळपास त्याच मापाचा आहे, बसेल" असे कोणी म्हटले तर ते ऐकू नये. पाटा बसेल, पण गाडी दुसरीच होईल.

वरचेच उदाहरण घेऊ. सहावा पाटा टाकला तर कडकपणा सव्वासहावरून साडेसात किलो. १,४०० किलो मालाला गाडी ९३ मिलिमीटर बसते, ५७ मिलिमीटर जागा उरते. १० मिलिमीटरचे पाटे टाकले तर कडकपणा १२.२ किलो, गाडी फक्त ५७ मिलिमीटर बसते, ९३ मिलिमीटर जागा उरते. भरलेली गाडी कशी ऐटीत उभी राहते! सभासद खूष, दुकानदार खूष. परंतु गाडी दिवसभर भरलेली नसते.

५. रिकाम्या गाडीचा धोका

रिकाम्या गाडीत मागच्या दोन्ही जुडग्यांवर मिळून समजा ४०० किलो वजन असते, एकावर २००. मूळ पाटा त्या वजनाने ३२ मिलिमीटर दबलेला असतो. दुप्पट कडक पाटा फक्त १६ मिलिमीटर दबतो.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. चाक खड्ड्यात उतरताना पाटा जेवढा दबलेला असतो तेवढाच उलगडत त्याला खाली ढकलतो. ३२ मिलिमीटर दबलेला पाटा ३२ मिलिमीटरपर्यंत चाकामागे जोर लावतो. १६ मिलिमीटर दबलेल्या पाट्याचा जोर १६ मिलिमीटरवर संपतो. त्यापुढे चाक फक्त स्वतःच्या आणि एक्सलच्या वजनाने खाली पडते, गाडीचे वजन त्यावर नसते. आपल्या रस्त्यांवर दोन बोटे खोल खड्डा म्हणजे खड्डासुद्धा मानत नाहीत! म्हणजे रिकामी गाडी वेगात असताना मागची चाके अर्धा वेळ नावापुरती टेकलेली असतात. त्याच क्षणी समोर बैलगाडी आली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, की मागची चाके जाम होतात आणि शेपूट फिरते. वळणावर तर मागची बाजू आपसूकच बाहेर पडू पाहते, कारण पुढची बाजू पूर्वीइतकीच नरम आणि मागची एकदम ताठ झालेली असते.

आणि रिकाम्या गाडीत कोण असते? आपण रिकामी म्हणतो ती मालाने रिकामी. पहाटे फडाकडे जाणाऱ्या गाडीच्या हौद्यात टोळीतील बायामाणसे, कोयते, पाण्याची भांडी आणि झोपेत असलेली लेकरे असतात, हे आपण सर्वजण पाहतो. माल वाहण्याच्या हौद्यात माणसे बसविणे कायद्याला धरून नाही आणि ते होऊ नये. पण जोवर होते आहे तोवर हे विसरू नका की जादा टनासाठी टाकलेल्या पाट्यांचा दणका त्या लेकरांना बसतो. बेण्याचेही तसेच. अशा गाडीत थोडे बेणे आणले तर वाटेभर कांड्या उडत-आपटत येतात, डोळे दुखावतात आणि मग उगवण विरळ झाली की दोष बेणेमळ्याला दिला जातो.

६. ब्रेक फसतो तो असा

अनेक पिकअप आणि ट्रकमध्ये मागच्या ब्रेकचा जोर ठरविणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसवर बसवलेला असतो आणि एका दांडीने किंवा स्प्रिंगने एक्सलला जोडलेला असतो. गाडी वजनाने खाली बसली की दांडी सरकते, व्हॉल्व्ह समजतो माल भरला आहे, आणि मागच्या ब्रेकला पूर्ण दाब सोडतो. गाडी वर असेल तर तो समजतो गाडी रिकामी आहे, आणि मागची चाके जाम होऊ नयेत म्हणून दाब कमी करतो. काट्यावरचे वजन त्याला कळत नाही, त्याला फक्त उंची कळते.

आता दुप्पट कडक पाट्यांवर भरलेली गाडी उंचच राहते. व्हॉल्व्ह फसतो. गाडीत दीड टन माल आणि मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीचा दाब! सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, पुढची पॅड झिजतात, घाटात तापतात, आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. "पाटे टाकल्यापासून ब्रेक लागत नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्या एका सभासदाने दोन वेळा ब्रेकचे काम करून घेतले होते. खराबी ब्रेकमध्ये नव्हतीच. म्हणून पाटे बदलल्यावर त्या दांडीचे माप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे जुळवून घेणे हा कामाचा अविभाज्य भाग समजावा. दांडी काढून बांधून ठेवणे किंवा अंदाजाने वाकवणे कधीही करू नये.

७. पाटे कडक झाले, बाकीचे काय?

साखळीची ताकद सर्वांत कमजोर कडीएवढी असते. माल पाट्यावर पडतो, पाट्यावरून एक्सलवर, एक्सलवरून बेअरिंगवर, बेअरिंगवरून टायरवर. पाट्यांची संख्या वाढली म्हणून यांतील कशाचीही ताकद वाढली का? उलट मूळ पाटा जो धक्का वाकून पचवत होता, तो आता चेसिसवर जातो. पाटा धरणाऱ्या कानांचे रिवेट ढिले होतात, एक्सलच्या खोळीला चीर जाते. पाटा तुटला तर गाडी बसते. एक्सल किंवा टायर गेला तर गाडी पलटी होते. पाटा तुटणे ही एका अर्थाने सूचना असते. जाड पाटा टाकून आपण सूचना देणाऱ्याचेच तोंड बंद करतो.

८. मग घ्यावे काय?

(अ) गाडी मंजूर वजनापेक्षा कमीच चालत असेल, तर मूळ मापाचे नवीन जुडगे. दुसरे काही नको.

(आ) गाडी रोज मंजूर वजनाएवढी भरते आणि रस्ता खराब आहे, तर मदतनीस पाट्याचा संच पाहावा. रिकाम्या गाडीत तो टेकत नाही, त्यामुळे गाडी नरम राहते. माल पडल्यावर टेकतो. हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा. तो मिळत नसेल तर त्याच जाडीचा एक पाटा दोन्ही बाजूंना. कडकपणा मूळच्या सव्वापटीपुढे नेऊ नये, असा आमचा सल्ला आहे.

(इ) काही नव्या गाड्यांचे पाटे संख्येने दोन-तीनच असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते, दोन पाट्यांत फट ठेवलेली. या जुडग्यात जुन्या पद्धतीचा सपाट पाटा कधीही घुसवू नये. फट भरली की त्या पाट्यांचे वाकणेच बिघडते.

(ई) जुन्या जुडग्यात एक नवीन पाटा टाकणे टाळावे. नव्याची कमान जास्त, जुन्याची कमी. जास्त कमानीचा पाटा सगळा भार घेतो आणि लवकर मोडतो. चांगल्या जुडग्यात खालच्या आखूड पाट्यांना वरच्यापेक्षा थोडी अधिक कमान असते, त्यामुळे आवळल्यावर सगळे एकमेकांना घट्ट बसतात.

(उ) पाटा लोहाराकडे ठोकून, गॅसने लाल करून कमान देऊ नये. पाट्याचे सिलिकॉन-मँगनीज पोलाद कारखान्यात सुमारे ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि पुन्हा ४५० ते ५०० अंशांच्या आसपास तापवून त्याला चिवटपणा आणतात. भट्टीत नुसते लाल केले की हे सर्व पाणी उतरते. आठ दिवसांत पाटा पुन्हा सरळ. वेल्डिंगचे तर नावच काढू नये, डाग लावलेल्या जागीच पाटा कडकन तुटतो.

(ऊ) बिल घ्यावे, पाट्यावर बनविणाऱ्याचा ठसा पाहावा, दोन्ही बाजूंचे संच एकाच मापाचे असल्याची टेपने खात्री करावी. जाडी डोळ्याने नव्हे, कॅलिपरने मोजावी.

९. बसविताना समोर उभे राहा

गॅरेजवाला हुशार असतो, पण त्याला घाई असते. आपण समोर असलो की काम नीट होते.

पहिली गोष्ट, सपाट व टणक जमीन, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. जॅकने गाडी उचलल्यावर चेसिसखाली पक्के स्टँड लावल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये. नुसता जॅक हा आधार नव्हे. एक्सलला वेगळा जॅक हवा, नाहीतर यू-बोल्ट सुटताच एक्सल लोंबकळतो आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते.

दुसरी गोष्ट, यू-बोल्ट नेहमी नवीन. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. पाटा वाढवला तर बोल्टही तेवढा लांब हवा, नटाबाहेर आटे दिसले पाहिजेत. मधला बोल्ट पाट्यांना फक्त जागेवर ठेवतो, त्यांना आवळून धरण्याचे काम यू-बोल्टचे. यू-बोल्ट ढिले राहिले की मधला बोल्ट कापला जातो, एक्सल मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मधल्या बोल्टचे डोके एक्सलवरील भोकात बरोबर बसले आहे ना, ते बोटाने चाचपून पाहावे.

तिसरी गोष्ट, यू-बोल्टचे चारही नट आलटून-पालटून, कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे आवळावेत. शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी असताना, मोजमापाच्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे.

चौथी गोष्ट, डोळ्यांत आणि शॅकलमध्ये रबरी बुश असतील, तर त्यांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना पूर्ण आवळू नयेत. तसे केले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. रबराला ग्रीस किंवा डिझेल लावू नये.

पाचवी गोष्ट, शॉकअप तपासा. कडक पाटा उसळतो जोरात, आणि ती उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे. तेल गळणारा शॉकअप ठेवून नवीन पाटे टाकणे म्हणजे नवी बैलजोडी आणि कुजका कासरा.

सहावी गोष्ट, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, वर सांगितलेला व्हॉल्व्ह, प्रोपेलर शाफ्टचे कोन आणि हेडलाइटचा झोत ही सर्व पाहणी करूनच गाडी गॅरेजबाहेर काढावी. मागची बाजू उचलली गेली की दिवा रस्त्याला जवळच पडतो, रात्री लांबचे दिसत नाही.

सातवी गोष्ट, पहिली फेरी रिकामी, दुसरी अर्धी भरून, तिसरी पूर्ण. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पाचशे किलोमीटरच्या आत आणखी एकदा. नवे पाटे एकमेकांत बसतात, रंग दबतो, बोल्ट ढिले पडतात. हे दुसरे आवळणे न केल्यामुळेच पुष्कळ नवे पाटे बदनाम होतात.

१०. गुंडाळी स्प्रिंगबद्दल इशारा

ज्या जीपगाड्यांना पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत त्यांच्या मालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ ऐवजी १३ मिलिमीटर तार म्हणजे सुमारे ३८ टक्के वाढ. गाडी खाली आणण्यासाठी वेढा कापणे हा तर वेडेपणाच. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, शिवाय चाक लोंबकळल्यावर ती जागेवरून सुटू शकते.

आणि ही स्प्रिंग दोरीने, तारेने किंवा साखळीने बांधून काढू नये, तिचे दोन आट्यांचे शिकंजेच वापरावेत. दर मिलिमीटरला ५ किलोची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली, तर तिच्यात चार किलोची वस्तू सहा मीटर उंच फेकण्याइतकी शक्ती साठते. तेवढ्या जोराने ती सुटली तर समोरच्या माणसाचे काय होईल हे सांगायला नको.

११. कायदा काय म्हणतो?

गाडीची वाहतूक क्षमता पाट्यावर नव्हे, नोंदणी पुस्तकावर लिहिलेली असते. पाटे दुप्पट केले तरी तो आकडा बदलत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २०,००० रुपये दंड आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आपलाच. अपघात झालाच तर विम्याच्या वेळी जादा वजनाचा मुद्दा निघतो, तो वेगळाच.

पाटे निवडण्याआधी नोंदणी पुस्तकातील रिकामे वजन आणि मंजूर एकूण वजन पाहावे. दोन्हींतील फरक म्हणजे माल, आणि त्यात ड्रायव्हर व सोबतची माणसेही आली. नंतर एकदा भरलेली गाडी काट्यावर घेऊन आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके असे वजन करावे. आपण मागच्या एक्सलवर खरोखर किती टाकतो हे तेव्हा कळते. पुष्कळदा माल जास्त नसतो, तो फार मागे रचलेला असतो. पोती दोन हात पुढे सरकवली की "बसलेले" पाटे आपोआप वर येतात. हा उपाय बिनपैशाचा आहे.

१२. सभासदांनी एवढे करावे

हंगाम सुरू होण्यापूर्वी सवड असते. त्या काळात गाडी धुऊन पाटे तपासा, उंची आणि कडकपणा मोजून वहीत लिहा, यू-बोल्ट आवळून घ्या. हंगामात दर आठवड्याला एकदा टॉर्च घेऊन खाली वाका. दोन पाट्यांत नवी गंजाची रेघ दिसते का, एखादा पाटा बाजूला सरकला आहे का, गाडी एका अंगाला झुकते का, एका बाजूचे टायर जास्त झिजते का. पाच मिनिटांचे काम आहे. बैलाच्या खुरात काटा आहे का हे आपले वडील रोज संध्याकाळी पाय उचलून पाहत असत, ही तीच सवय आहे.

एक खेप जादा टाकून वाचणारे पैसे आणि मोडलेल्या एक्सलचा खर्च यांची बेरीज-वजाबाकी प्रत्येकाने आपल्या वहीत करावी. सभासदाचा ऊस वेळेवर यावा ही आमची नोकरी आहे. पण उसाबरोबर माणसेही धडधाकट घरी परत जावीत, ही आमची इच्छा आहे. ज्यांना आपल्या गाडीचा आकडा काढून पाहायचा आहे त्यांनी आपल्या गट कार्यालयातील चिटबॉयकडे निरोप ठेवावा. टेप आणि वही घेऊन आमचा माणूस येईल. पोती मात्र तुमची!

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग